फुली कधी गायब होते? दहावीच्या प्रकल्पाच्या नोंदी, रात्रशाळा, लालबाग

१४ जुलै, सोमवार

सामान आलं एकदाचं. दुपारी सीएसएमटीला उतरून चालतच प्रिन्सेस स्ट्रीटला गेले, दोन-तीन दुकानं फिरून सोडियम थायोसल्फेट अर्धा किलो, पोटॅशियम आयोडाइडची छोटी बाटली, फिनॉल्फ्थॅलीन आणि १०० मिलीचे सहा कोनिकल फ्लास्क घेतले. थायोसल्फेट म्हणजे जुने फोटोवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच, दुकानातल्या काकांनी पण हायपोच म्हटलं आणि खडीसाखरेसारखे खडे दाखवले. आमच्या लॅबमध्ये एक सिंक, दोन टेबलं, दोन थर्मामीटर एवढंच आहे, म्हणून प्रकल्प असा निवडलाय की ज्यात महागडं काही लागत नाही, स्टॉपवॉच तर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे.

विषय अभिक्रियेचा दर, म्हणजे अभिक्रिया किती वेगाने होते. पुस्तकात शहाबादी फरशीचा तुकडा आणि चुरा घेऊन दोन्हीवर सौम्य एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) टाकायला सांगितलंय, कुठे बुडबुडे लवकर येतात ते बघायचं. प्रयोग चांगलाच आहे, पण लवकर म्हणजे किती लवकर हा प्रश्न माझ्या वर्गाला पडायला हवा असं मला फार वाटतं. वर्गात १७ वर्षांपासून ४३ वर्षांपर्यंतची माणसं आहेत, दिवसभर काम करून साडेसहाला येतात, आणि कामावर त्यांची सगळी मोजमापं पक्की असतात, वजन, तास, मजुरी. विज्ञानात मात्र "लिहून द्या मॅडम, पाठ करतो". ते मला मोडायचंय.

१५ जुलै, मंगळवार

सोल्युशन करून ठेवलं. २४.८ ग्रॅम थायोसल्फेट, पाणी घालून एक लिटर, म्हणजे ०.१ मोलार (सोल्युशन किती दाट याचं माप). आधी छोट्या बीकरमध्ये १०० मिली पाण्यातच विरघळवलं तर बीकर हाताला एकदम गार लागला, सगळ्यांच्या हातात फिरवला, कारण विरघळताना हे खडे पाण्यातली उष्णता ओढून घेतात. म्हणून एक दिवस आधी करून ठेवायचं, म्हणजे ते खोलीइतकं होतं. एचसीएल २ मोलारचं मी एकटीनेच केलं, ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात.

लॅबचं कपाट गळतंय. कागद-बाटल्या टेबलावर काढल्या आणि डिस्टिल्ड वॉटरचा २० लिटरचा कॅन वरच्या कॉम्प्युटर रूममध्ये नेऊन ठेवला, तिथे कोरडं असतं.

१७ जुलै, गुरुवार

पहिली फेरी झाली. पद्धत अशी की पांढऱ्या कागदावर काळ्या मार्करने फुली मारायची, तिच्यावर फ्लास्क ठेवायचा, फ्लास्कमध्ये थायोसल्फेट आणि पाणी मिळून ५० मिली, वरून ५ मिली ॲसिड ओतायचं आणि ओतल्या क्षणी घड्याळ सुरू करायचं. आत गंधकाचे बारीक कण तयार होत जातात, पाणी आधी जरासं निळसर धूसर दिसतं, मग दुधासारखं, मग पिवळट, आणि वरून बघणाऱ्याला फुली दिसेनाशी झाली की घड्याळ बंद. अभिक्रिया तिथे संपलेली नसते हं, चालूच असते, आपण फक्त ठरावीक एवढा गंधक तयार व्हायला किती वेळ लागला ते मोजतोय. म्हणून फ्लास्क एकच मापाचा हवा आणि एकूण पाणीही तेवढंच, कारण वरून बघताना किती उंचीच्या गढूळ पाण्यातून बघतोय यावर सगळं आहे. एका गटाने नेमका २५० मिलीचा फ्लास्क उचलला होता, त्यात पाणी पसरून उथळ होतं आणि फुली जास्त वेळ दिसत राहते, त्यांची रीडिंग बाजूला ठेवली.

सल्फर डायऑक्साइडही सुटतो, त्याचा वास घशाला लागतो. एकीला दमा आहे, तिला खिडकीपाशी वेळ लिहायचं काम दिलं. फुली गेली की फ्लास्क लगेच बादलीत ओतायचा, बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, पाणी गुलाबी आहे तोवर ठीक, गुलाबी रंग उडाला की अजून सोडा टाकायचा. ही बादली मला फार आवडते, सांगावं लागत नाही, रंगच सांगतो.

रीडिंग, पहिल्या गटाची. ५० मिली थायोसल्फेट असताना ३६ सेकंद, ४० ला ४९, ३० ला ७२, २० ला ११९, १० ला २६२.

तिसऱ्या गटाची वही बघितली तर ३६, ४५, ६०, ९०, १८०. मिली गुणिले सेकंद केलं की प्रत्येक ओळीत बरोब्बर १८००. इतकं सरळ कुणाचंच येत नाही. मी विचारलं, रागावून नाही, तर झवेरी बाजारात पॉलिशचं काम करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचं ४९ येत होतं, पण तुम्हीच सांगितलेलं ना अर्धं केलं की दुप्पट वेळ, म्हणून बरोबर करून टाकलं." चूक माझीच, उत्तर आधी सांगायलाच नको होतं. त्याच्या कामावर एक मिलीग्रॅम इकडचं तिकडे झालं तर हिशेब द्यावा लागतो, आणि इथे माझ्यासमोर त्याने आकडे बदलले कारण त्याला वाटलं मला तेच हवंय. हे फार लागलं मनाला. ट्रेनमध्ये बसून लिहितेय, करी रोडहून स्लो मिळाली, डोंबिवलीपर्यंत हाच विचार.

पण मग पहिल्या गटाचं काय? त्यांचं मिली गुणिले सेकंद १८००, १९६०, २१६०, २३८०, २६२०. पाणी जसं वाढतंय तसं गणित एकाच बाजूला सरकतंय. हात थरथरला, डोळा चुकला तर कधी वर कधी खाली येईल, असं पायरी-पायरीने चढणार नाही. काहीतरी आहे.

२१ जुलै, सोमवार

सापडलं!! आणि मी नाही शोधलं.

आज फळ्यावर पहिल्या गटाचे खरे आकडे लिहिले आणि म्हटलं, हे आकडे कुणीही बदलायचे नाहीत, हे असे का आले ते शोधायचं. बरंच काही निघालं, ॲसिड जुनं, घड्याळ उशिरा दाबलं, पावसामुळे अंधार. परत एकदा सगळं मांडलं आणि तेच करून बघत होतो तेवढ्यात भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या पेट्या उचलणारा आमचा एक मुलगा आहे, पहाटे तीनला कामाला जातो आणि संध्याकाळी वर्गात बसतो, तो मेजरिंग सिलिंडर हातात धरून म्हणाला, "मॅडम, हे पाणी थंड आहे. मापाला बाहेरून पाणी सुटलंय बघा, बर्फाच्या डब्याला सुटतं तसं."

पाण्याच्या सिलिंडरला बाहेरून दव आलं होतं, थायोसल्फेटच्या सिलिंडरला नाही. थर्मामीटर घातला, पाणी २२ डिग्री, थायोसल्फेट ३०.५. कॅन कॉम्प्युटर रूममध्ये, तिथे दिवसभर एसी! मीच नेऊन ठेवलेला, गळतीतून वाचवायला. म्हणजे जेवढं जास्त पाणी घालतोय तेवढं मिश्रण गार होत जातंय, १० मिली थायोसल्फेट आणि ४० मिली पाण्याच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर साडेचोवीसवर. आम्ही समजत होतो फक्त संहती, म्हणजे थायोसल्फेटचा दाटपणा, बदलतोय, आणि सोबत तापमानही बदलत होतं, दोन्ही वेळ वाढवण्याच्याच दिशेने.

जुलैतल्या मुंबईत हवा इतकी दमट असते की २२ डिग्रीच्या काचेवर लगेच पाणी जमतं, कोरड्या हवेच्या गावात हाच प्रयोग केला असता तर सिलिंडर कोरडा राहिला असता आणि कुणाला कळलंच नसतं. ज्याच्या हाताला रोज बर्फ लागतो त्यालाच हे दिसलं याचा मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. तो लाजला, पण वहीत त्याने स्वतःच लिहिलं, "पाणी थंड होतं म्हणून वेळ जास्त".

तिसऱ्या गटाने आपली जुनी पाच रीडिंग खोडली, पण दिसतील अशी, एका रेघेने, आणि बाजूला लिहिलं "ही घेतलेली नाहीत".

२२ जुलै, मंगळवार

कॅन कालच रात्री लॅबमध्ये आणून ठेवला, आज पाणी आणि सोल्युशन दोन्ही ३०. तोच गट, तोच बघणारा. ३७, ४६, ६१, ९३, १८८. गुणाकार १८५०, १८४०, १८३०, १८६०, १८८०. वर्गात शांतता आणि मग एकदम गलका. आलेख काढला, एकीकडे मिली आणि दुसरीकडे १ भागिले सेकंद, पट्टी लावली तर पाचही ठिपके पट्टीच्या कडेला, रेघ शून्याकडेच चाललेली.

थायोसल्फेटची संहती अर्धी केली की दर अर्धा. हे वाक्य मी आज फळ्यावर लिहिलं नाही, त्यांनी सांगितलं.

कुणीतरी विचारलं नळाचं पाणी चालेल का. एक रन करून बघितला, १० मिलीवाला, १८६ सेकंद. फरक दिसत नाही म्हणून पुढच्या वेळी कॅन संपला तरी अडायचं नाही.

२४ जुलै, गुरुवार

आज डोळ्यांचा दिवस. एकच फ्लास्क, पाच जण वाकून बघतायत, प्रत्येकाने आपापलं घड्याळ दाबायचं. ३४, ३५, ३७, ३८, ४१! अभिक्रिया एकच, वेळा पाच.

४१ वाल्या आमच्या ताई, ४३ वर्षांच्या, एका ऑफिसात हाऊसकीपिंगला आहेत. त्या म्हणाल्या, "माझा चष्मा जुनाय, माझं रीडिंग घेऊ नका." मी म्हटलं ताई, तुम्ही पूर्ण सेट करा एकट्याने. त्यांनी केला, ४१, ५१, ६८, १०२, २०६. गुणाकार २०५०, २०४०, २०४०, २०४०, २०६०. अख्ख्या वर्गात सगळ्यात एकसारखा सेट! त्या उशिरा थांबतात, पण प्रत्येक वेळी तेवढ्याच उशिरा, फुलीचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत त्या हलत नाहीत. दर किती पटीने बदलला हे काढायला तेच लागतं. बाकीची मुलं कधी घाईने दाबतात कधी थांबतात. म्हणून नियम ठरला, एका सेटचा बघणारा एकच, मध्ये बदलायचा नाही. आणि मुख्य सेटला ताई.

खालून मोबाईलचा टॉर्च लावून बघितला, ट्यूबलाइटवर अवलंबून राहायला नको म्हणून. वेगळंच दिसलं. गंधक तयार व्हायला लागला तसा टॉर्चचा पांढरा उजेड पिवळा झाला, मग नारिंगी, आणि फ्लास्क बाजूने बघितला तर निळसर. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, सरळ आरपार येतो तो लालसर उरतो, संध्याकाळी मावळतीला होतं त्याच कारणाने. प्रकाशाचं विकिरण म्हणतात ते हेच, तो धडा आज आपोआप झाला. लाईट बंद करून चार वेळा बघितलं सगळ्यांनी, वेळ गेला पण जाऊ दे.

घरी जाताना ताईंना स्टेशनपर्यंत विल्हेल्मीची गोष्ट सांगितली. जर्मनीत १८५० साली त्याने साखरेच्या पाण्यात ॲसिड घालून साखर किती वेगाने बदलते ते मोजलं, साखरेचं पाणी ध्रुवीकृत (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश किती वळवतं ते बघत बघत, म्हणजे अभिक्रियेला हात न लावता. पुढे कित्येक वर्षं त्याच्या कामाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ताई म्हणाल्या, "म्हणजे त्यानेही नुसतं बघत बसूनच केलं की."

२८ जुलै, सोमवार

आज तापमान. बर्फ अर्थातच धक्क्यावरून आला, थर्माकोलच्या डब्यात, मासळीचा वास येत होता पण फ्लास्कच्या बाहेरच लावायचाय. २०, ३०, ४० आणि ४५ डिग्री. ताईंचा डोळा, थायोसल्फेट ५० मिली, आणि तापमान ॲसिड टाकल्यानंतर मोजायचं, आधी नाही, कारण पाच मिली ॲसिड खोलीच्याच तापमानाचं असतं.

२० ला ८५ सेकंद, ३० ला ४१, ४० ला २१, ४५ ला १५.

दहा डिग्रीला साधारण दुप्पट दर. हा ढोबळ अंदाज आहे, प्रत्येक अभिक्रियेला लागू होणारा कायदा नाही, हे मी दोनदा सांगितलं कारण परीक्षेत सगळीकडे दुप्पटच लिहितात. कण जास्त वेळा धडकतात एवढ्यानेच दुप्पट होत नाही, दहा डिग्रीने त्यांचा वेग अगदी थोडा वाढतो, खरी वाढ होते ती पुरेशी ऊर्जा घेऊन धडकणाऱ्या कणांच्या संख्येत. १८८९ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने हे समीकरणात बसवलं. दहावीला समीकरण नाहीये पण कल्पना कळायला हरकत नाही.

बर्फवाला मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मॅडम, मासळीला बर्फ लावतो म्हणजे आपण तेच करतो ना, सडायचं थांबत नाही, हळू होतं." अगदी तेच. मग त्यानेच हिशेब मांडला की ३० डिग्रीवर जी मासळी इतके तास टिकते ती बर्फात किती, आणि मला थांबवावं लागलं कारण सडण्यात जंतू आहेत, तिथे साधं दुप्पट-दुप्पट चालत नाही. पण विचार सरळ होता त्याचा.

४५ च्या वर जायचं नाही. वास वाढतो, आणि वेळ इतका कमी होतो की बोटाला लागणारा पाव सेकंदही मोठा वाटा होतो. दमावाली मुलगी आज पूर्ण वेळ बाहेर व्हरांड्यात, आलेख तिनेच काढला.

४ ऑगस्ट, सोमवार

डोळ्यांचं भांडण मिटवायला आज आयोडीन घड्याळ. श्रावणी सोमवार, निम्म्या वर्गाचा उपास, म्हणून स्टार्च आपोआप ठरला, एकीने घरून साबुदाणा शिजवलेलं पाणी आणलं, गाळून घेतलं. हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमधून, २० व्हॉल्यूमची बाटली, म्हणजे साधारण ६ टक्के, ते पातळ करून घेतलं.

एका फ्लास्कमध्ये पोटॅशियम आयोडाइड, थोडंसं मोजून थायोसल्फेट आणि साबुदाण्याचं पाणी. दुसऱ्यात पेरॉक्साइड आणि ॲसिड. एकत्र केले की पेरॉक्साइड आयोडाइडपासून आयोडीन बनवायला लागतं, पण थायोसल्फेट ते आयोडीन बनल्या बनल्या खाऊन टाकतं, त्यामुळे दिसत काहीच नाही, पाणी स्वच्छच. थायोसल्फेट संपलं की पुढचं आयोडीन स्टार्चला मिळतं आणि क्षणात गडद निळं. हळूहळू नाही, एकदम.

पहिल्यांदा झालं तेव्हा वर्गात ओरडाच झाला, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. पाच घड्याळं ४२, ४२, ४२, ४३, ४२. पेरॉक्साइड निम्मं केलं, एकूण पाणी तेवढंच ठेवलं, ८५. त्याच अकरा दिवसांपूर्वीच्या पाच जणांनी! फुलीत सात सेकंदांचा फरक, इथे एक.

हार्कोर्ट आणि एसन, ऑक्सफर्डचे, एक रसायनवाला आणि एक गणितवाला, त्यांनी १८६० च्या दशकात हीच पेरॉक्साइड-आयोडाइडची अभिक्रिया याच युक्तीने मोजली, निळं झालं की वेळ लिहायची, परत ठरावीक थायोसल्फेट टाकायचं, परत निळं व्हायची वाट बघायची. आयोडीन घड्याळ म्हणून नाव झालं ते लांडोल्टच्या १८८६ च्या प्रयोगाचं, त्यात रसायनं वेगळी होती.

७ ऑगस्ट, गुरुवार

शहाबादी फरशी. चाळीतल्या एका घरात ओटा बदलतायत, तिथून तुकडे आले. शहाबाद हे कर्नाटकातलं, कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव, हे कुणालाच माहीत नव्हतं, रोज तिच्यावर चालतो आपण. झवेरी बाजारवाल्याने सेठला विचारून खिशातला डिजिटल काटा आणला, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. फ्लास्क काट्यावर, तोंडाला सैल कापूस म्हणजे तुषार उडून वजन जाणार नाही, आत १ मोलार ॲसिड ५० मिली आणि ५ ग्रॅम फरशी. कार्बन डायऑक्साइड उडून जातो तेवढं वजन घटतं, एवढ्या ॲसिडमधून जास्तीत जास्त १.१ ग्रॅम.

पंखा चालू असताना काटा स्थिर राहीना, शेवटचा आकडा नाचतोय. पंखा बंद केला, दहा मिनिटांत सगळे घामाघूम, पण आकडा थांबला. चुऱ्याने पहिल्या मिनिटात ०.८८ ग्रॅम घालवले, फेस कापसापर्यंत आला. तुकड्यांनी पहिल्या मिनिटात ०.१६, दहाव्या मिनिटाला ०.७४. वजन तेच, दगड तोच, फक्त ॲसिडला लागणारं अंग जास्त. तळाशी करडी माती उरली, ती फरशीतली भेसळ, चुनखडी नसलेला भाग.

काटा वाचायला झवेरी बाजारवालाच बसला होता. तिसऱ्या मिनिटाचं रीडिंग चुकलं त्याच्याकडून, कुणीतरी हाक मारली म्हणून. त्या चौकोनात त्याने काहीही भरलं नाही, आडवी रेघ मारली आणि लिहिलं "बघितलं नाही". मी काही बोलले नाही, पण वही हातात घेऊन जरा वेळ तिथेच उभी राहिले.

११ ऑगस्ट, सोमवार

मॅग्नेशियमची पट्टी. पट्टी इतकी हलकी की काट्यावर धड कळत नाही, म्हणून एक मीटर मोजून तिचं वजन घेतलं, ०.९८ ग्रॅम, त्यातले ५ सेंटीमीटर कापले, म्हणजे ०.०४९. ॲसिडमध्ये टाकल्यावर सुटलेला हायड्रोजन पाण्यावर उलट्या सिलिंडरमध्ये जमा केला, दर दहा सेकंदांनी वाचायचं. शेवटी ५२ मिली.

गाईडमध्ये वायूच्या एका मोलला (कणांच्या ठरावीक संख्येला) २४ लिटर धरून ४८ च्या आसपास येतं. दोन महिन्यांपूर्वी इथे कुणीतरी ४८ लिहून मोकळं झालं असतं. आज पहिला प्रश्न आला, "मॅडम, ते २४ लिटर किती डिग्रीला?" २० डिग्रीला. आपल्याकडे ३०, वायू फुगलेला, आणि पाण्यावर जमा केलाय म्हणजे आत पाण्याची वाफही आहे, ३० डिग्रीला साधारण चार टक्के. दोन्ही धरून मोलला २६ लिटरच्या जवळ येतं, आणि ०.०४९ ग्रॅमला ५२. अगदी जुळलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

वह्या तपासल्या. कपाट दुरुस्त झालंय, बाटल्या परत आत. थायोसल्फेटची उरलेली बाटली पुढच्या तुकडीसाठी, सोल्युशन नको, खडेच ठेवायचे, सोल्युशन ठेवलं की दिवसांनी तळाशी गंधक बसतो.

डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर बर्फवाल्या मुलाने मार्करने लिहिलंय, "वापरायच्या आदल्या रात्री लॅबमध्ये आणणे. मापाला बाहेरून पाणी सुटलं तर थांबणे." त्याखाली ताईंनी तारीख टाकली, २१ जुलै.